ती नाटिका आता करू नका: प्रेअरीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

सस्कॅचवान, मॅनिटोबा, अल्बर्टा, कॅनडाच्या या गवताळ मैदानी प्रांतांत जिथे जिथे आपली माणसं गणपती बसवतात आणि मायनस तीसमध्ये तिळगूळ वाटायला एकमेकांच्या घरी जातात, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. कुठल्या एका मंडळाला नाही, कारण चूक मंडळाची नाहीच, चूक माझी आहे, आणि ती व्हॉट्सॲपवरून इतकी लांब पोचलीये की आता एकेकाला फोन करून सांगणं शक्य नाही, म्हणून जाहीरच लिहितेय.

२०१७ ला कॅनडाला दीडशे वर्षं झाली तेव्हा मी लहान मुलांसाठी वीस मिनिटांची नाटिका लिहून दिली होती. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती बघितलीये, काहींच्या मुलांनी कामंही केलीयेत. सुरुवातीला अंधार, वाऱ्याचा आवाज, आणि निवेदक म्हणतो, "इथे कुणीच नव्हतं. फक्त गवत, वारा आणि आभाळ." मग युरोपातून शेतकरी येतो, मातीचं घर बांधतो, एकमेकांचे खांदे धरलेल्या सहा पोरांची रेल्वे येते, पिवळ्या ओढण्या हलवत गहू उगवतो, लाल कोटातला पोलीस येतो, आणि शेवटी नऊवारीतली मुलगी आणि फेटा बांधलेला मुलगा विमानातून उतरतात आणि सगळे मिळून म्हणतात की ही कष्टकऱ्यांची भूमी आहे. टाळ्या पडायच्या, आज्या डोळे पुसायच्या. मग ती स्क्रिप्ट इकडून तिकडे फॉरवर्ड होत गेली, दरवर्षी एक जुलैच्या, म्हणजे कॅनडा डेच्या, आसपास कुठे ना कुठे होते, आणि यंदाही दोन ठिकाणी तालमी सुरू झाल्याचं कळलं. मुलांची पाठांतरं झाली असतील, आयांनी ओढण्या जमवल्या असतील, सगळं कळतंय मला. तरी हात जोडून सांगते, करू नका. पहिलंच वाक्य खोटं आहे, आणि ते मी लिहिलंय.

का ते सांगते, जरा लांबेल, पण वाचा.

तेव्हा मी एका केअर होममध्ये नाइट शिफ्ट करायचे. तिथे एक क्री, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी एका समाजातली, आजी होती, सगळे तिला कोकुम म्हणायचे, क्री भाषेत कोकुम म्हणजे आजीच. तिला झोप कमी. मी तिच्या खोलीत बसून फोनवर संवाद वाचत होते तर तिने विचारलं काय पुटपुटतेस, मी हौसेने सगळी गोष्ट इंग्लिशमध्ये सांगितली, कोण गहू होणार, कोण रेल्वे होणार, एक गोलमटोल मुलगा बायसन म्हणजे इथला गव्यासारखा प्राणी होणार. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यात आम्ही कोण आहोत?" मी गप्प. बारा मुलं होती नाटिकेत. गव्हाला रोल होता, जनावराला रोल होता, तिच्या माणसांना नव्हता. ती रागावली बिगावली नाही, पाणी मागितलं आणि कुशीवर वळली, पण मला त्या रात्री काही सुचेना. आणि खरं सांगायचं तर तरीही पंधरा दिवसांनी नाटिका झालीच, कारण हॉल बुक होता आणि लोकांना नाही कसं म्हणायचं. तेव्हा थांबवायला हवी होती. नाही थांबवली.

त्यानंतर मी वाचायला लागले, लोकांना विचारायला लागले, म्युझियममध्ये जायला लागले. आणि लक्षात आलं की "इथे कुणीच नव्हतं" हे वाक्य माझं पण नव्हतंच, ते मला तयार मिळालं होतं, इमिग्रेशनच्या माहितीपत्रकांतून, जुन्या पोस्टरांतून, ऑफिसमधल्या गप्पांतून. मी फक्त त्याचं मराठी केलं.

आता मुळापासून बघूया. १६७० साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने हडसन्स बे या फरच्या (केसाळ कातड्यांच्या) व्यापारी कंपनीला एक सनद दिली आणि हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख कंपनीचा असं लिहून टाकलं, म्हणजे आपण राहतो ती जवळपास सगळी प्रेअरी त्यात आली. राजाने हा मुलूख बघितलाही नव्हता. आणि हा चार्ल्स आपल्या ओळखीचा आहे बरं का, याच राजाला पोर्तुगीज राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली होती आणि यानेच ती १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. दोन वर्षांच्या अंतराने तोच माणूस, तीच पद्धत. मुंबईची गोष्ट आपण शाळेत शिकलो, हसलोही असू, पण मुंबई तेव्हा रिकामी होती असं आपल्यातलं कुणी म्हणत नाही. कोळी होते, भंडारी होते, आगरी होते, सगळ्यांना माहितीये. मग इथेच आपण इतक्या सहज कसं म्हणतो?

पुढे कंपनीने हा मुलूख नव्या कॅनडा सरकारला तीन लाख पौंडांना विकला, १८७० मध्ये ताबा गेला, वर सुपीक पट्ट्यातला विसावा हिस्सा कंपनीने स्वतःकडे ठेवला. इथे राहणाऱ्या क्री, सोटो, नकोटा, ब्लॅकफूट, मेटी लोकांना कुणी विचारलंही नाही. आणि ते गप्प बसले असं समजू नका. सप्टेंबर १८७४ मध्ये क्वापेलच्या खोऱ्यात चौथ्या तहाची बोलणी झाली तेव्हा पहिले कित्येक दिवस गाडी पुढे सरकेचना, कारण त्यांचं म्हणणं आधी कंपनीचं काय ते बोला. पास्क्वा नावाचे प्रमुख तिथे हजर असलेल्या कंपनीच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाले की तुम्ही जमीन तीन लाख पौंडांना विकली असं तुम्हीच सांगितलंत, ते पैसे आम्हाला हवेत. मला हे वाचताना अंगावर काटा आला. कारण आपल्या डोक्यात चित्र काय असतं, की भोळेभाबडे लोक, त्यांना कळलंच नाही काय चाललंय. त्यांना रुपया-पैशासकट सगळं कळत होतं. याच पास्क्वांनी त्या तहाची नोंद चित्रांत करून ठेवलेली आहे, बोलणी कशी झाली आणि काय काय वस्तू मिळाल्या याची बारीक बारीक चित्रं, आणि ती आज रिजायनाच्या रॉयल सस्कॅचवान म्युझियमकडे आहेत. म्हणजे सरकारकडे इंग्लिश कागद होता तसा समोरच्या बाजूचाही स्वतःचा कागद होता.

मी मुद्दाम तह म्हणतेय. आपल्या मराठी शाळेत ट्रीटीचं भाषांतर आपण "करार" करतो, भाड्याच्या घराचा असतो तसा. पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह, हे सगळे आपण सनावळीसकट पाठ केलेत, आणि तह कुणाशी होतो ते आपल्याला नीट माहितीये. ज्याचं राज्य आहे, ज्याला मानावं लागतं, त्याच्याशी होतो. १८७१ ते १८७७ मध्ये या मैदानांवर एक ते सात नंबरचे तह झाले ते असेच. इंग्लिश कागदात लिहिलं की त्यांनी जमीन कायमची सोडून दिली. त्यांच्या म्हाताऱ्या माणसांनी पिढ्यानपिढ्या सांगितलंय की नाही, वापरायला वाटून घेतली, नांगराचा फाळ जाईल तेवढ्या खोलीपर्यंत, आणि जोवर सूर्य उगवतोय आणि नद्या वाहतायत तोवर दोन्ही बाजूंनी शब्द पाळायचा. आपण ज्या जमिनीवर घर घेतलंय, मॉर्गेज भरतोय, ती या तहामुळे आपल्याला मिळालीये. म्हणून इथे लोक म्हणतात की आपण सगळेच तहातली माणसं आहोत, फक्त एक बाजू नाही. मला हे पहिल्यांदा ऐकताना नुसतं चांगलं वाक्य वाटलं होतं.

नंतर पाच डॉलरची गोष्ट झाली. चौथ्या तहात दर माणशी दर वर्षी पाच डॉलर द्यायचं ठरलं होतं आणि ते अजून देतात, तेवढेच, पाच. कोकुमला त्या वाटपाच्या दिवशी तिच्या रिझर्व्हवर, म्हणजे तहानंतर तिच्या लोकांसाठी राखलेल्या जमिनीवर, जायचं होतं, तिच्या भाचीने गाडी आणली, व्हीलचेअर घडी करून डिकीत टाकली, माझी सुट्टी होती म्हणून मी पण गेले. हॉलमध्ये टेबल मांडलेलं, लाल कोट घातलेला पोलीस उभा, सरकारी बाई यादीत नाव शोधून सही घेते आणि करकरीत निळी नोट हातात देते. रांग मोठी होती, उन्हात अर्धा-पाऊण तास गेला. परत येताना मी म्हटलं कोकुम, पाच डॉलरमध्ये धड सँडविच येत नाही, एवढी ओढाताण कशाला केलीस. ती म्हणाली, "पैशासाठी नाही. दरवर्षी त्यांना इथे यावं लागतं, माझं नाव वाचावं लागतं. ते यायचे थांबले की समजायचं शब्द मोडला." नोट तिने पर्समध्ये ठेवली नाही, हातातच धरून बसली पूर्ण रस्ताभर. त्या निळ्या नोटेवर लॉरिए या पंतप्रधानांचं चित्र असतं, ज्यांच्या सरकारने पोस्टरं छापून युरोपभरातून शेतकरी या मैदानांवर आणले.

मग प्रश्न येतो की एवढी माणसं होती तर ती दिसेनाशी कशी झाली. नाटिकेत मी बायसनला रोल दिला होता म्हणून त्यापासूनच सांगते. या माणसांचं अन्न, तंबू, कपडे, व्यापार, सगळं बायसनवर होतं, आणि कातड्यांच्या धंद्यापायी अंदाधुंद शिकार होऊन १८७९ च्या सुमाराला कॅनडाच्या मैदानांतून कळप संपलेच. आपण रिजायनाला ज्या वास्काना लेकवर मुलांचे फोटो काढतो ना, ते नाव क्री भाषेतल्या हाडांवरून आलंय, जिथे हाडं रचून ठेवलीत ती जागा. नंतर रेल्वे आल्यावर उरलीसुरली हाडंही लोकांनी गोळा करून खतासाठी विकली. १८८२ मध्ये त्या जागेचं नाव बदलून राणी व्हिक्टोरियावरून रिजायना केलं.

आणि कळप गेल्यावर जी भूक आली तिचा वापर झाला. शब्द जपून वापरतेय, वापर झाला. जे रिझर्व्हवर जाऊन राहतील त्यांनाच रेशन. मोठे अस्वल म्हणजे मिस्टाहिमास्क्वा हे क्री नेते सहाव्या तहावर सही करायला सहा वर्षं नकार देत राहिले, अटी सुधारा म्हणत राहिले, शेवटी डिसेंबर १८८२ मध्ये माणसं उपाशी मरायला लागली तेव्हा सही केली. त्याच साली पंतप्रधान मॅकडॉनल्ड यांनी पार्लमेंटमध्ये उघड सांगितलं की खर्च कमी राहावा म्हणून आमचे अधिकारी लोक उपासमारीच्या टोकाला येईपर्यंत अन्न देत नाहीत. कुणी विरोधकाने केलेला आरोप नाहीये हा, त्यांचंच बोलणं आहे, रेकॉर्डवर आहे. आपल्या दख्खनचा मोठा दुष्काळ १८७६ ते ७८ चा, सोलापूर-नगरकडची माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली आणि सरकारने मजुरी कापली, आणि त्याच दुष्काळात एक जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. रिजायना नाव त्याच बाईवरून. आपले खापरपणजे आणि कोकुमचे खापरपणजे एकाच वेळी एकाच राज्यात उपाशी होते, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

आता शेतीचं सांगते, आणि इथे मी जास्त लिहिणार आहे कारण मी शेतकऱ्याची मुलगी आहे आणि मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

नाटिकेतला शेतकरी खोटा नव्हता. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर फी भरून १६० एकर मिळायचे, तीन वर्षं राहून जमीन फोडून घर बांधलं की नावावर. युक्रेनहून, रशियाहून, आइसलँडहून आलेल्या माणसांनी गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून घरं बांधली, पहिल्या हिवाळ्यात लेकरं गेली, त्यांचे हाल मी कमी लेखत नाही, त्यांची नातवंडं आपले शेजारी आहेत आणि चांगली माणसं आहेत. पण १६० एकर मिळाले कुणाला? एकट्या बिनलग्नाच्या बाईला नाही. आणि १८७६ च्या इंडियन ॲक्टमध्ये (इंडियन म्हणजे आपण नव्हे, इथल्या मूळ लोकांना तेव्हा तसं म्हणायचे) सरळ लिहिलं होतं की प्रेअरीतल्या इंडियन माणसाला असा होमस्टेड घेता येणार नाही. ज्यांची जमीन, त्यांनाच अर्ज करायची बंदी. रेल्वे कंपनीला मात्र अडीच कोटी डॉलर आणि वर अडीच कोटी एकर.

तरी रिझर्व्हवरच्या लोकांनी शेती केली. तहात नांगर, बैल, बियाणं द्यायचं कबूल होतं, ते उशिरा आलं, कमी आलं, तरी केली, आणि काही ठिकाणी इतकी चांगली केली की पैसे एकत्र करून त्यांनी कापणी-बांधणीची यंत्रं घेतली. मग आजूबाजूचे गोरे शेतकरी तक्रार करायला लागले की हे आमचं मार्केट खातायत. १८८९ पासून हेटर रीड नावाच्या कमिशनरने नवीन धोरण आणलं, की इंडियन माणूस अजून यंत्राच्या लायक नाही, त्याने आधी जुन्या जगातल्या गरीब शेतकऱ्यासारखं हाताने पेरावं, विळ्याने कापावं, हाताने मळावं, दाताळं सुद्धा घरी बनवावं, आणि एका कुटुंबाला थोडी जमीन आणि एखाददुसरी गाय पुरे.

तुमच्यातले जे शेतातून आलेत त्यांनी जरा डोळ्यांपुढे आणा. इथे पीक काढायला किती दिवस मिळतात? ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरला कधीही गोठवणारी रात्र येते आणि हिरवा दाणा गेला म्हणजे गेला. आमच्याकडे सोलापूर जिल्ह्यात ज्वारी काढताना आई पहाटे चारला निघायची, विळा धरून धरून करंगळीखालची कातडी गेलेली असायची, पण आमच्या थंडीने पीक मरत नाही, दोन दिवस इकडे-तिकडे चालतात. इथे चालत नाहीत. शेजारच्या गोऱ्याच्या शेतात यंत्र फिरतंय आणि आपण घेतलेलं यंत्र वापरू नका म्हणतायत आणि आपण विळ्याने कापतोय आणि रात्री दव गोठतंय. असे कित्येकांचे हंगाम गेले. बरेच जण वैतागून शेती सोडून बसले, आणि मग सरकारनेच म्हटलं, बघा, यांना शेतीत रस नाही, जमीन पडून आहे, आणि ती पडीक म्हणून रिझर्व्हचे लचके तोडून विकायला काढली. पहिल्या महायुद्धानंतर परत आलेल्या गोऱ्या सैनिकांना वाटायलाही रिझर्व्हची जमीन घेतली. हे असं रिकामं झालंय मंडळी. रिकामं होतं म्हणून कुणी आलं नाही, कुणीतरी येणार म्हणून रिकामं केलं.

त्यावर परमिट. स्वतः पिकवलेलं धान्य, गवत, स्वतः वाढवलेलं जनावर विकायचं तर इंडियन एजंटची, म्हणजे रिझर्व्हवर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, चिठ्ठी लागायची. आणि १८८५ पासून पास, रिझर्व्हच्या बाहेर जायला एजंटच्या सहीचा कागद, कुठे चाललाय, किती दिवस, कशासाठी. याला कुठलाही कायदा नव्हता, पोलिसांनाही माहिती होतं की कायदा नाही, तरी कित्येक दशकं चाललं.

पासचं वाचलं आणि मला माझं गाव आठवलं. सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे, सोलापूरकरांना सांगायला नको. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा केला आणि काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, पुढे पारधी, कैकाडी, भामटा वगैरे लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, दिवसातून हजेरी, बाहेर जायचं तर पास. १८७१, त्याच वर्षी इकडे पहिल्या नंबरचा तह झाला. तो कायदा १९५२ ला गेला, आपण त्यांना विमुक्त म्हणतो. पण मी लहान असताना घरात काय ऐकलं? "ती सेटलमेंटमधली पोरं आहेत, चपला आत घे." प्रेमळ माणसं होती हे म्हणणारी. आणि मी इथे आल्यावर पहिल्या महिन्यात आपल्याच लोकांनी काय सांगितलं? त्या भागात घर बघू नका, तिकडे नेटिव्ह लोक असतात, गाडी लॉक करत जा. तोच सूर, तेच प्रेम, तीच काळजी. मी कधी विचारलं नाही की तुम्ही त्यातल्या कुणाशी कधी बोललात का. सेटलमेंट हा शब्द मला इथेही पहिल्याच आठवड्यात भेटला, नव्या लोकांना मदत करणाऱ्या बाईला सेटलमेंट वर्कर म्हणतात, तिने मला बस पास काढून दिला, हेल्थ कार्ड काढून दिलं. मला पास मिळाला तो कुठेही जायला.

मेटी लोकांचं थोडक्यात सांगते. फर ट्रेडच्या काळातले युरोपियन पुरुष आणि इथल्या बायका यांच्या संसारांतून उभा राहिलेला हा समाज, त्यांच्या जमिनी नदीकाठाला लागून लांबट पट्ट्यांच्या, म्हणजे प्रत्येकाला पाणी. १८६९ मध्ये चौकोनी मोजणी करणारे सरकारी लोक त्या पट्ट्यांवरून साखळी टाकत आले तेव्हा मेटी नेते लुई रिएल आणि सोबतच्यांनी साखळीवर पाय ठेवून मोजणी थांबवली. मॅनिटोबाच्या कायद्यात मेटी मुलांसाठी चौदा लाख एकर लिहिले, ते इतके रखडवले की २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाला म्हणावं लागलं की सरकारने शब्द नीट पाळला नाही. १८८५ मध्ये सरकारशी बटोशची लढाई हरल्यावर रिएलना रिजायनात फाशी दिलं, आणि त्याच महिन्यात बॅटलफोर्डला आठ क्री आणि असिनिबॉइन माणसांना एकाच वेळी. कित्येक मेटी कुटुंबं मग रस्त्यासाठी सोडलेल्या सरकारी पट्टीत झोपड्या टाकून राहिली, आपल्याकडे गायरानात पालं पडतात तशी.

शाळांचं तुम्ही ऐकलंच असेल. दीड लाखाच्या आसपास मुलं आईबापांपासून काढून रेसिडेन्शियल स्कूलमध्ये ठेवली, भाषा बोलली की मार. सस्कॅचवानमधली गॉर्डन्सची शाळा १९९६ मध्ये बंद झाली, म्हणजे आपल्यातले काही जण तेव्हा दहावीला होते. आपल्या मुलांनी घरी मराठी बोलावं म्हणून रविवार मोडून आपण मराठी शाळा चालवतो, म्हणून सांगते, कोकुमला तिच्या नातवंडांशी क्रीमध्ये बोलता येत नव्हतं. तिला येत होती, त्यांना नाही, कारण तिने मुलांना शिकवलीच नाही. का नाही शिकवली विचारलं तर म्हणाली मार बसू नये म्हणून.

आता मला माहितीये काय उत्तरं येतील, कारण माझ्या स्वतःच्या घरात आलीत. आपण तर परवा आलो, आपला काय संबंध, आपणही इंग्रजांचे गुलामच होतो. खरंय, आपल्यावर दोष कुणी ठेवत नाहीये. उलट ज्या काळात युरोपातल्या माणसाला दहा डॉलरला जमीन होती त्या काळात हिंदुस्थानातल्या माणसाला इथे येऊच द्यायचं नाही म्हणून नियम केले होते, १९१४ ला कोमागाटा मारू जहाज व्हँकुव्हरहून परत पाठवलं. पण आज आपण इथे आहोत, त्या जमिनीवरून येणारा पगार घेतोय. वडिलार्जित घर घेतलं की त्यावरचा बोजाही सातबाऱ्यावर येतो ना? मी घेतलं नव्हतं कर्ज असं म्हणून चालतं का? आणि शपथ. जून २०२१ नंतर ज्यांनी सिटिझनशिप घेतली त्या सगळ्यांनी हात वर करून म्हटलंय की फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे हक्क आणि तहाचे हक्क मान्य करणाऱ्या संविधानासकट आम्ही कॅनडाचे कायदे पाळू. मी २०२२ ला लॅपटॉपसमोर साडी नेसून म्हटलं. मुलं मागे पेढे घेऊन उभी होती.

दुसरं, त्यांना सगळं फुकट मिळतं, टॅक्स नाही. दादांनो, इन्कम टॅक्सची सूट रिझर्व्हवरच्या उत्पन्नापुरती आहे, माझ्याबरोबर शिफ्ट करणारी क्री मैत्रीण माझ्याइतकाच टॅक्स भरते, आम्ही पे स्लिप शेजारी ठेवून बघितलंय. आणि फुकट म्हणाल तर या देशात कित्येक रिझर्व्हवर माणसांनी वर्षानुवर्षं नळाचं पाणी उकळून प्यायलंय.

तिसरं, मुलांना एवढं जड कशाला सांगायचं. अहो, आपण पोरांना अफझलखानाचा कोथळा पाचव्या वर्षी सांगतो. मुलांना झेपतं. त्यांच्या शाळेत तर हे शिकवतातच, तीस सप्टेंबरला रेसिडेन्शियल स्कूलमधल्या मुलांच्या आठवणीत नारिंगी टीशर्ट घालून जातात, आणि मग आपल्याच स्टेजवर येऊन "इथे कुणीच नव्हतं" म्हणतात. माझ्या धाकट्याने मला हेच विचारलं गेल्या वर्षी, की आई टीचर खरं सांगते का तू.

म्हणून मागणं एवढंच. ती स्क्रिप्ट तुमच्या फोनवर असेल तर डिलीट करा आणि ज्यांना पाठवली त्यांनाही कळवा. यंदाच्या कार्यक्रमात त्या वीस मिनिटांत मुलांना पोवाडा म्हणू द्या, लेझीम खेळू द्या, काहीही चालेल. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपण ते चौथ्या नाहीतर सहाव्या तहाच्या भूमीचं इंग्लिश वाक्य घाईघाईत वाचतो आणि लगेच "आता दीपप्रज्वलन" म्हणतो, ते मराठीत सांगा, सावकाश, कुठला तह, कुणाशी झाला, काय कबूल केलं होतं. नवीन नाटिका मी एकटी लिहिणार नाही. इथे वडीलधाऱ्यांकडे काही विचारायला जाताना आधी तंबाखू हातात देतात, आपण पानसुपारी देऊन बोलावतो तसं, मग ते सांगायचं की नाही ठरवतात. तसं जाऊन विचारायचंय, आणि हो म्हणाले तरच लिहायचं, त्यांना दाखवून. दोन वर्षं लागली तर लागू देत.

कोकुम गेल्या वर्षी गेली. तिच्या भाचीने मला तिच्या त्या पाच डॉलरच्या नोटांतली एक नोट दिली, मी ती देवाऱ्यातच ठेवलीये.

दरवर्षी १५ सप्टेंबरच्या आसपास फोर्ट क्वापेलला चौथ्या तहाचं संमेलन भरतं, तिथेच, जिथे पास्क्वांनी बोट दाखवून पैसे मागितले. मी मुलांना घेऊन जाणार आहे. रिजायनाहून तासाभराचा रस्ता आहे, दरीत उतरताना खाली तळी दिसायला लागतात. माझ्या गाडीत तीन सीट रिकाम्या आहेत, डबा मी आणते, ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा.

तुमची,
सोलापूरची, आता चौथ्या तहाच्या भूमीत राहणारी एक ताई